शेइशेनबायची पांढरी थाळी

…हां, तर काल सांगत होतो तो शेइशेनबाय, इसिक-कुलच्या तळ्यात थाळी सोडणारा. दर दहा दिवसांनी आम्ही नाव काढायचो. वल्ही माझ्या हातात, दोरी त्याच्या. पांढरी थाळी खोल सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या, मीटरला एक; जितक्या जास्त गाठी तितकं पाणी नितळ. एकतीस वर्षं पाणकेंद्राच्या वहीत त्याचाच आकडा. थाळी सोडणारा बोलेल तेच लिहायचं, असा तिथला नियम.

पण गड्याला पाण्यापेक्षा कादिरकुलच्या मेंढ्या जास्त खुपायच्या. शेजारी ना! ह्याच्या चाळीस, त्याच्या तीनशे. ह्याची मेंढी एक कोकरू द्यायची, त्याची जुळी. त्यात तीन वर्षांपूर्वी कादिरकुलने मेंढवाडा ओढ्याकाठी नेला आणि इकडे थाळी लवकर दिसेनाशी होऊ लागली. चौदा गाठींवरून तेरा, मग अकरा.

"बघ," शेइशेनबाय मला म्हणायचा, "लेंड्या ओढ्यातून तळ्यात, त्यावर शेवाळ माजतं, शेवाळ खाऊन पाणपिसवा, ते बारीक किडे, माजतात. त्याच्या घरचं सगळं माजतंच!"

मेंढवाडा हलवा, असा अर्जच केला पठ्ठ्याने. केंद्राच्या बुरुलचाबाई आल्या. त्यांनी बारीक जाळं ओढलं, बाटलीतले जीव भिंगाखाली मोजले आणि थोरल्या भावाला म्हणतात तसं 'आके' म्हणत त्याला सांगितलं,

"आके, शेवाळ पूर्वीइतकंच, पिसवाही तेवढ्याच. जगतात, मरतात, कुजून पुन्हा शेवाळाचं खत होतं. फेरा नीट चाललाय. मग पाणी गढूळ कशानं?"

"थाळी खोटं बोलते काय?"

मग सगळेच नावेत बसलो, कादिरकुलसुद्धा, कुरुत, म्हणजे सुक्या दह्याची गोळी, चघळत. थाळी खाली गेली.

"गेली! अकरा," शेइशेनबाय म्हणाला.

"कुठं गेली? ती काय, चकाकतेय," कादिरकुल वाकून म्हणाला. "सोड अजून, सोड. अरे, तळं माझंही आहे!"

बारा. तेरा. चौदाव्या गाठीला कादिरकुल म्हणाला, "आता गेली." बाईंनी पाहिलं, मी पाहिलं. चौदाच.

बाईंनी शेइशेनबायची हनुवटी उन्हाकडे वळवली. दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा.

अकरा म्हटलं की कादिरकुलचा मेंढवाडा उठणार. चौदा म्हटलं की ह्याचे मागच्या तीन वर्षांचे आकडे खोटे पडणार, आणि दोरीही हातातून जाणार. बाई पेन उघडून थांबल्या.

"आके, तुम्ही सांगाल तेच लिहीन."

शेइशेनबायने कादिरकुलकडे असं पाहिलं, जणू त्याने डोळेही ह्याच्याच घरातून नेलेत. म्हणाला,

"लिही चौदा. पण 'कुणी पाहिलं' त्या रकान्यात त्याचं नाव नको, नुसतं 'शेजारी' लिही. आणि तेही बारीक अक्षरात."