बाईंचं वर्ष

बेकार व्हायला आधी कामावर असावं लागतं, हे मला पंचायतीच्या कारकुनाने शिकवलं. तोवर मी आपली स्वतःला सरळ बेकार समजून बसले होते.

गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या होत्या. शिरगावच्या वाटेवर, आमच्या गावच्या वळणाला माझा गाडा होता. गाड्याला चाकं होती, पण तो कधी जागचा हलला नाही. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उंडे, ते गोल पाव, टाकून जायचा. मी पातळ भाजी करायची, मिरच्या तळायच्या, आणि खनिजाचे ट्रकवाले गाडी लायनीत लावून माझ्याकडे पोट भरायला यायचे. खातानाही त्यांचा एक डोळा लायनीवर. पुढची गाडी हलली की हातातला पाव तोंडात कोंबून धावायचे, कारण केबिनमध्ये माणूस नसला की गाडीचा नंबर शेवटाला जातो. ट्रकवाल्यांनी इतर कुठला कायदा पाळलेला मी पाहिला नाही, पण हा एक ते देवाच्या कौलासारखा मानत.

खाण थांबली तसे ट्रक घराघरांपुढे ताडपत्री पांघरून बसले. एका ट्रकवर त्या पावसात दुधी चढला, आणि मालकिणीने त्याची भाजीही केली. पानांवरची लाल धूळ धुऊन गेली. झाडं हिरवी असतात हे आमच्या मुलांना तेव्हा समजलं. पणजीहून माणसं येऊन त्या हिरवाईचे फोटो काढत आणि खूश होऊन परत जात. त्यांना चहा विचारायला माझा गाडा उघडा नव्हता.

मग गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारने आमच्यासाठी फुकट कॉम्प्युटर क्लास धाडला. खाणीमुळे बेकार झालेल्यांनी नवीन विद्या शिकून नवीन कामाला लागावं, अशी योजना होती. क्लाससाठी किमान बाराजण हवेत. ट्रकवाले अकरा जमले. मी नाव द्यायला गेले तर कारकून म्हणाला, "तुमचो गाडो कागदार नाशिल्लो. नाशिल्लो गाडो बंद कसो पडलो?"

कागदावर नसलेला गाडा बंद पडूच शकत नाही म्हणे. मी म्हटलं, "दर सकाळीं माझ्याकडे भाजी खातालास, ती मागीर कोणाल्या गाड्याची?"

बारावं माणूस मिळेना म्हणून त्याने शेवटी मला घेतलं. धंद्याच्या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचलं नाही, तो त्याने रिकामाच सोडला.

शिकवायला बाई आल्या त्या पेडणे तालुक्यातल्या केरीहून. सत्तरी तालुक्यात आणखी एक केरी आहे, ती नव्हे. समुद्राकाठची, जिथून पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो ती. पहिली बस धरायची, वाटेत दोनदा बस बदलायची, आणि पंचायतीच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत केसांतली आबोली मलूल झालेली. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्या दिवशी त्या आत आल्या आणि दारातच थांबल्या. कोणी उठेना. त्याही पुढे येईनात.

ट्रकवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष पहिल्या खुर्चीत बसले होते. पोट टेबलाला टेकलेलं, आवाज असा की ट्रक मागे घेताना त्यांना क्लीनर लागत नसे. ते माझ्या कानाशी कुजबुजले, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "म्हजे धुवेपरस ल्हान आसा ती. हांवें कित्याक उठचें?"

मुलीहून लहान बाईसाठी ते उठेनात, आणि बाई तशाच उभ्या. शेवटी अध्यक्षच गुडघे करकरवीत उठले, आणि ते उठले म्हणून बाकीचेही उठले. "बसा काका," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून बाई आल्या की अख्खा क्लास उभा राहायचा आणि बाई "बसा काका" म्हणायच्या. मी काका नव्हते, पण मीही बसायचे.

शिकण्याची प्रगती म्हणाल तर ती यथातथाच होती. स्टिअरिंग फिरवणारे ते हात. त्यांत माऊस सापडायचाच नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मंडळींनी कॉम्प्युटरना झेंडूचे हार घातले, पुढ्यात नारळ फोडला आणि आज हत्यार चालवायचं नसतं म्हणून बाईंना परत पाठवलं. दोन बस बदलून आलेल्या बाई चुरमुरे खाऊन दोन बस बदलून परत गेल्या.

दसऱ्यानंतर मात्र माणसं गळायला लागली. कोणी शाळेच्या बसवर लागला, कोणी केरीच्या किनाऱ्यावर पर्यटकांची टॅक्सी चालवायला गेला. बिनकॉम्प्युटरची कामं त्यांना भराभर मिळत होती. बाई दर सकाळी खुर्च्यांवरून नजर फिरवायच्या आणि त्यांचा चेहरा उतरायचा. मला वाटलं, शिकवण्याची हौस. एकदा बसस्टॉपवर आम्ही दोघीच होतो तेव्हा त्यांचं यात काय जातं ते मी सरळ विचारलं, "बाय, आमी शिकलों ना शिकलों, तुजें कितें वता?"

तेव्हा कळलं. शाळांमध्ये कॉम्प्युटर शिक्षकाच्या जागा निघणार होत्या. त्यांना सलग एक वर्षाचा अनुभव हवा. बाईंना आयुष्यात मिळालेलं पहिलं काम म्हणजे आमचा क्लास. त्याला वर्ष होणार ते येत्या गुढीपाडव्याला. तपासणीत क्लास बाराच्या खाली दिसला की बंद होणार, आणि अर्धवट वर्ष धरत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून वर्ष करायचं तर पुढच्या पावसाळ्यात वयाची मर्यादा उलटत होती.

"मावशी, पाडव्यामेरेन कशेंय ओडून व्हरूंक जाय," बाई म्हणाल्या, आणि बस आली.

म्हणजे बेकारांना काम देण्याच्या त्या योजनेत काम मिळालेलं माणूस एकच, आणि आम्ही पाडव्यापर्यंत नुसते खुर्चीत बसून राहिलो तर ते टिकणार होतं. इतकं सोपं काम सरकारने आम्हाला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. ऐकून घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वैनी, गाडी मालकानच चलोवंक जाय अशें खंय आसा? गाडी लायनीत दिसूंक जाय."

लायनीत जसा मालकाच्या जागी भाऊ चालतो, भावाच्या जागी क्लीनर चालतो, तसं त्यांनी खुर्च्यांचं केलं. ज्याला बाहेर काम असेल त्याने आपल्या खुर्चीत बदली माणूस पाठवायचा. संघटनेचा जुना फळा पुसून त्यावर रोजच्या पाळ्या लावल्या. बेळगावकडचा एक फिटर होता, खाणीतली यंत्रं दुरुस्त करणारा. गावाकडे जाऊन तोंड काय दाखवू म्हणून इथेच राहिलेला. तो तर रोजच कोणाच्या ना कोणाच्या बदल्यात यायचा आणि दारात अध्यक्षांना विचारायचा, "सायेब, आज मी कोण हाय?"

बाई सगळं ओळखून होत्या. एकदा त्याला म्हणाल्या, "काका, काल ह्या नांवाचे तुमी नाशिल्ले."

"आज ड्युटी बदलली बाई," तो म्हणाला. बाईंनी हजेरी मांडून टाकली. पण रोज कोणीतरी नवीन, म्हणून रोज पहिला धडा. कॉम्प्युटर चालू करणे, बंद करणे. आम्ही क्लास जगवला तो असा, की शिकण्याला त्यात जागाच उरली नाही. दुसरा धडा काय असतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला एकटीला पहिला धडा इतका पाठ झाला की भातावरचं झाकण काढतानाही मी मनात म्हणायचे, आता थोडं थांबा, यंत्र तयार होत आहे.

शिमगा आला. पाडव्याला पंधरवडा उरला, आणि एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. खाणीत पडून असलेलं जुनं खनिज उचलायचं ठरलं; सोमवारी सकाळी ट्रकांनी लायनीत लागावं. आणि सोमवारी सकाळीच पणजीहून साहेब क्लास तपासायला येणार होते.

अध्यक्ष माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "वैनी, बायेक सांग. वर्सभर गाडी उबी आसा. आतां नंबर चुकलो जाल्यार..." त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या मोठ्या माणसाला मला काही टोचून बोलता येईना. बदलीवाले झाडून सगळे ट्रकवरचेच. फिटरही चालला. क्लासला उरणार होते मी एकटी.

रविवारी संध्याकाळी मी घरोघर फिरले आणि ट्रकवाल्यांच्या बायकांना गोळा केलं. काम सांगितलं, "नुसतं येवन बसपाचें." अकराजणी तयार झाल्या. कसला क्लास, कशासाठी, हे दोघीतिघींनीच विचारलं. बाकीच्यांना दुपारपर्यंत घराबाहेर बसायला मिळतंय एवढंच पुष्कळ होतं. सोमवारी त्या ठेवणीतल्या साड्या नेसून, सुरंगीच्या फुलांचे वळेसर माळून आल्या. वर्षभर डिझेलचा वास मारणारा तो हॉल एकदम लग्नघरासारखा झाला. बाई आत आल्या, सगळ्याजणी उठल्या. बाई क्षणभर "बसा काका" म्हणायला गेल्या आणि समोर काका एकही नाही हे त्यांना दिसलं. मग हसल्या.

साहेब काही वेळेवर आले नाहीत. त्यांची गाडी ट्रकांच्या लायनीमागे अडकली होती, आणि अध्यक्ष लायनीतून कोणालाही पुढे काढत नव्हते, साहेबांना सुद्धा. तोवर करायचं काय, म्हणून बाईंनी शिकवायला घेतलं. सगळ्याजणी एकदमच कोऱ्या, त्यामुळे पहिला धडा सगळ्यांचा एकदमच झाला. आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये दुसरा धडा सुरू झाला. लिहिलेलं ठेवून द्यायचं आणि पाहिजे तेव्हा परत काढायचं. अध्यक्षांच्या बायकोने कुळथाच्या पिठीची कृती लिहिली, ठेवली, यंत्र बंद केलं, परत चालू केलं, आणि पिठी तशीच निघाली. ती केवढ्याने तरी हसली. तीनदा तिने ती ठेवली आणि काढली.

त्या हसण्यातच साहेब आले. त्यांनी माणसं मोजली, बारा भरली.

"शिकपी खंय आसात?" त्यांनी विचारलं.

"हांगां बसल्यात," बाई म्हणाल्या.

"बाय, हो क्लास बेकारांचो. ह्यो बेकार न्हय, ह्यो घरकान्नी."

गृहिणी म्हणजे बेकार नव्हे, हे ऐकून मला राहवलं नाही. "म्हणजे आमी कामार आसात? मागीर पगार खंय मेळटा तें सांगा, आत्तांच वतात."

बायका परत हसल्या. साहेबही हसले, माणूस वाईट नव्हता. मूळचे विद्यार्थी कुठे आहेत हे ते येताना वाटेतच बघून आले होते, प्रत्येकजण आपापल्या केबिनमध्ये. बेकार माणसं कामाला लागली होती. योजना सफल झाली होती. आणि सफल झालेली योजना बंदच करतात.

"सर, पाडव्यापर्यंत तरी ठेवा," बाई म्हणाल्या. सबंध वर्षात त्यांनी कोणाकडे काही मागितल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

"तुमका खोस जावंक जाय," साहेब अगदी मनापासून म्हणाले. "हें तुमचेंच येस." यश बाईंचं, आणि क्लास त्याच दिवशी बंद.

कॉम्प्युटर परत न्यायला अध्यक्षांचाच ट्रक ठरला. त्यांनी मागचा हौदा धुऊन गाद्या अंथरल्या आणि फिटरला आत बसवलं, मांडीवर एक यंत्र घेऊन. खनिज भरून वळणावरून सुसाट जाणारे अध्यक्ष त्या दिवशी असे हळू गेले की मागून येणाऱ्यांनी शिव्या दिल्या. त्यांनी कोणालाही उलट शिवी दिली नाही.

माझा गाडा परत लागला. पानं परत लाल झाली आणि मी परत बेकार नव्हते. पाडव्याच्या आधी चार दिवस बाई आपला कागद न्यायला पंचायतीत आल्या. कागदावर साडेअकरा महिन्यांचा अनुभव लिहिलेला होता, पण अर्ज घेणाऱ्यांच्या लेखी साडेअकरा महिने म्हणजे काहीच नाही. त्यांची बस चुकली आणि त्या माझ्या बाकावर येऊन बसल्या. गिऱ्हाइकांची झुंबड होती. मला दोन हात पुरत नव्हते, आणि खरं सांगते, माझ्या भरलेल्या टोपाची मला त्यांच्यासमोर लाज वाटत होती.

बाईंनी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मावशी, गाड्यार माणूस जाय? अनुभव साडेअकरा म्हयन्यांचो आसा. चलता जाल्यार सांग."

मी हसले आणि सरकून जागा केली. त्यांनी पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि माझ्या हातातल्या भाजी-पावाच्या दोन बशा घेऊन त्या बाहेर गेल्या.

बाहेर बाकांवर अध्यक्ष, फिटर आणि क्लासची आणखी पाचसहाजणं खात होती. बाईंना बघून अध्यक्ष उठले. मग सगळे उठले. कोणाच्या हातात अर्धा उंडा, कोणाचं तोंड भरलेलं.

"बसा काका," बाई म्हणाल्या.

पुढची लायन सरकली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. एकएक करून त्यांचे नंबर शेवटाला चालले होते, आणि ते सगळे बाईंपुढे तसेच उभे होते.