दिव्याखालचं पाणी

आमच्या चर्चमधला चांदीचा दिवा माझ्याहूनच काय, सासूबाईंहूनही म्हातारा. कुण्या जुन्या फादरांनी तो गोव्याहून आणलेला. तीन साखळ्यांवर टांगलेला, आत लाल काचेचा पेला. वेदीवरच्या पेटीत पवित्र भाकर असेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, हा नेम. फादर पंधरवड्यातून एकदा यायचे, एरवी राखण सासूबाईंकडे. त्यांना दिसेनासं झालं तशी ती माझ्या गळ्यात पडली. दिवा विझला की राखणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं, असं वस्तीतल्या बायका मला आवर्जून सांगून गेल्या. भल्या बाया!

पेल्यात खाली पाणी, वर तेल, तेलावर तरंगती वात, अशी रीत. त्या दुष्काळात सोसायटीतून कार्डावर मिळेल तेवढंच तेल. मी पडले शहाणी. तेल पुरावं म्हणून पाणी वाढवलं आणि वर तेलाचा नुसता पापुद्रा ठेवला.

नवरा तेव्हा सोसायटीच्या नव्या विहिरीत सुरुंग भरायला उतरायचा. विहीर सगळ्या गावाची, पण तळाशी जीव त्याचा.

एका दुपारी चर्चमध्ये गेले तर दिवा विझलेला. तेल संपून वात पाण्यात बसली होती. तेवढ्यात विहिरीकडून धडाका ऐकू आला. रोजची प्रार्थनासुद्धा आठवेना. पदराची चिंधी फाडून नवी वात केली, बाटलीतलं उरलंसुरलं तेल ओतलं आणि तिसऱ्या काडीला दिवा पेटवला. विहिरीकडे जायचं धाडस झालं नाही. घरी येऊन उंबऱ्यात बसले. वाटेनं येणारा प्रत्येक माणूस मला निरोप घेऊन आल्यासारखा वाटे.

दिवस कलता नवरा आला, धुळीनं पांढरा.

"अशी का बसलीस? पाणी दे की."

मी रडायलाच लागले. तो हातपाय धुवायला गेल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता धडगत नाही.

"माज्या हातूनबी दोनदा इझलाय," त्या म्हणाल्या. "काय न्हाई झालं."

मला हायसं वाटलं. त्यांनी चाचपत माझा हात धरला.

"तुजा सासरा हिरीत दगडाखाली गेला ना, त्या दिशी दिवा लख्ख जळत व्हता, पोरी."

सकाळी नवरा पुन्हा सुरुंग भरायला गेला. मी चर्चमध्ये जाऊन पाहिलं. दिवा लख्ख जळत होता, आणि मला कालच्यापेक्षा जास्त भीती वाटली.