अख्खी काच

पहाटे साडेचारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. चहाच्या आधी दोन लोखंडी चकत्या, व्यायामशाळेनं मोडीत काढलेल्या. गुळगुळीत बाजू बाहेर करून त्या एकमेकींना लावायच्या. एकीकडून अंगठा, दुसरीकडून चार बोटं. हात मांडीशेजारी सरळ सोडून उभं राहायचं. बोटं वाकवायची नाहीत. घसरू लागण्याआधी खाली ठेवायच्या, घसरल्यावर नव्हे. मग दुसरा हात.

ओट्यापाशी चहा ढवळणाऱ्या वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, "अहो, फरशी आपल्या पैशाची आहे. सांभाळून."

आम्ही काचेच्या वखारीत हमाल. त्याला सगळे चिमटा म्हणत. मी त्याचा जोडीदार. काचेचं एक टोक त्याचं, एक माझं.

लोकांना वाटतं, ओझं उचलायला मूठ लागते. पोत्याला लागते. काचेला मूठ मारता येत नाही. खालचा हात उघडा ठेवून त्यावर कड घ्यायची, वरच्या हाताच्या चिमटीनं काच उभी धरायची. मूठ मारून दंड फुगवलेले किती तरी जण आमच्याकडे आले आणि दुपारी अंगठा चोळत घरी गेले. चिमट्याला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, म्हणून त्यानं हातांना वेगळं शिकवलं. चकत्यांनंतर एक जाड नळ. त्याच्याभोवती बोटं एकमेकांना मिळायची नाहीत. त्याला वजन बांधून उघड्या पंजानं उचलायचा. शेवटी वाळूची बादली. बोटं मिटून आत खुपसायची आणि वाळूतच फाकवायची. "मिटायला सगळे शिकतात," तो म्हणायचा. "उघडायला शिकला नाहीस तर कोपर बोंबलेल." हे सगळं दिवसाआड. मधला दिवस पूर्ण विश्रांती. त्या बाबतीत तो माझ्याहून शहाणा होता.

मुकादम म्हणायचा, "याला पगार देताना नोटेवर पाणी सोडा. याच्या चिमटीतून सुटायची नाही."

"मुकादम, झाकली मूठ तुमची," चिमटा म्हणायचा. "आपला धंदा उघड्या हाताचा."

नोटा सुटत नव्हत्या हे मात्र खरं. त्या खिडकीसाठी साठत होत्या. वहिनी रफू करायच्या. शहरातले शिंपी जळके, फाटके कोट त्यांच्याकडे पाठवत आणि त्या असं शिवत की भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. पण घराच्या मागच्या खोलीत खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं पाटाएवढं भोक. भर दुपारी दिवा लावून, कापड नाकाशी धरून त्या बसत. चिमट्यानं शब्द दिला होता, पूर्वेची भिंत फोडून माणसाच्या उंचीची खिडकी बसवीन. मध्ये पट्टी नाही, जोड नाही. अख्खी काच. आणि ती मीच उचलून बसवणार.

वखारीत दोन नियम. खाली ठेवताना एकानं म्हणायचं, "सोडतो." दुसऱ्यानं "सोड" म्हटल्याशिवाय बोट हलवायचं नाही. दुसरा नियम, काच निसटली की उडी मारून बाजूला व्हायचं. काच पडली तर पडली. मालकाची आहे.

चिमट्यानं दुसरा नियम एकदा मोडला. काच माझ्याकडून नाही, त्याच्याकडूनही नाही, घोडीवरून घसरली. ज्या लाकडी चौकटीवर आम्ही काचा तिरक्या टेकवतो तिला घोडी म्हणतात. मी उडी मारली. कुणीही मारली असती. साध्या हाताच्या माणसाला त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही. चिमट्याला सुचलं, कारण त्याचा हात साधा नव्हता. त्यानं घसरती काच चिमटीत धरली. आणि ती थांबलीही. खरंच थांबली. मग कडेनं तडकली, आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आत शिरली.

अंगठा ओढणारी दोरी तुटली, शेजारची नसही. डॉक्टरांनी शिवलं. टाके सुकल्यावर त्याला ओला स्पंज दाबायला दिला, मग कपडे वाळत घालायचे चिमटे. मी भेटायला गेलो तर तो त्यातला एक उघडायला धडपडत होता. कपाळावर घाम.

"बघ," तो म्हणाला. "नाव बदलावं लागणार माझं."

वहिनी कापडातून मान वर न करता म्हणाल्या, "निदान दोरीवरचे कपडे तरी काढून आणा. व्यायाम होईल."

नुकसानभरपाई म्हणून मालकानं त्याला वखारीच्या फाटकावर बसवलं. पगार चालू राहिला. खिडकीचे पैसे होते. भिंत फोडायला गवंडी तयार होता. मी म्हटलं, "चल, रविवारी काच आणू. मी आणि दुसरा कुणी तरी उचलतो."

"दुसरा कुणी तरी कशाला? हात येतोय."

"येईल तेव्हा येईल. वहिनी आज दिव्याखाली बसल्यात."

"इतकी वर्षं बसली. आणखी सहा महिने."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "राहू दे हो. त्यांच्या हातची हवी त्यांना."

सहा महिन्यांची वर्षं झाली. पहाटे साडेचारला उठणं चालूच होतं. आता एकच चकती, तीही लहान. ती दर वेळी पडायची. घसरण्याआधी खाली ठेवायचा नियम त्यानं सोडला होता. मधला विश्रांतीचा दिवसही. मेहनतीत त्यानं कसूर केली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण तुटलेली नस मेहनतीचं ऐकत नाही. तिला कान नसतात. हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं. वहिनींनी कधीच सांगितलं नाही.

एक दिवस वहिनींनी रफूला आलेला कोट तसाच परत पाठवला. धागे दिसत नव्हते. तपासलं तर आजार डोळ्यांच्या आतल्या पडद्याला होता, चष्म्यानं भागण्यासारखा नव्हता. त्या संध्याकाळी चिमटा फाटक सोडून आत वखारीत आला आणि मला म्हणाला, "रविवारी येशील?"

भिंत आधीच फोडून घेतली होती, भोकावर बाहेरून ताडपत्री. मी आणि वखारीतला एक धट्टाकट्टा गडी, आम्ही काच नेली. चिमटा पुढं चालत लोकांना बाजूला करत होता. "सावकाश. उंबरा आहे. डावीकडं." उजवा हात खिशात.

काच चौकटीत टेकली. गडी म्हणाला, "सोडतो." उत्तर द्यायचं काम माझं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी मागून चिमट्याचा आवाज आला.

"सोड."

वहिनी तिथंच खुर्चीत बसल्या होत्या. ताडपत्री काढली तसं पूर्वेचं ऊन अख्ख्या खोलीत आलं आणि त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. आम्हाला वाटलं, भरून आलं. तसं नव्हतं. तो उजेड त्यांना सोसत नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या म्हणत होत्या, "छान आहे. मोठी आहे ना? छान आहे."

काच बसवूनही त्याच्याकडे थोडे पैसे उरले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं जाड, काळपट पडदा आणला, कड्यांसकट. आता पहाटे चकती नाही. उजाडायच्या आत उठून तो पडदा लावतो, ऊन डोक्यावरून पुढं गेलं की उघडतो. चार बोटं आकड्यासारखी अडकवायची आणि ओढायचं. त्याला अंगठा लागत नाही.