श्राद्धाआधीचं पान

मला मधुमेह आहे हे आमच्या घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो: हे, सासूबाई आणि मी. हे मालधक्क्यावर कारकून होते. माझी तिशीही उलटली नव्हती, आणि दिवसभर पाणी पिऊनही घसा कोरडाच. चोळ्या सैल व्हायला लागल्या तेव्हा यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला तपासलं, लघवी एका निळ्या औषधात उकळून पाहिली आणि जे काही सांगायचं ते बाहेरच्या खोलीत यांना सांगितलं. मी दाराआड उभी. रोग माझा, पण ऐकायचा मान यांचा. मला त्याचा अजून राग येतो.

यांनी आत येऊन सासूबाईंना सांगितलं ते निम्मं गाळून. साखर, गूळ, बटाटा बंद. भाताची एकच मूद. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं इंजेक्शन. सासूबाईंनी त्याच दिवशी साखरेचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर नेऊन ठेवला. त्या दुष्ट नव्हत्या, शिस्तीच्या होत्या. मूद वाढून झाली की ती वरून दाबून सपाट करायच्या. मी मावळातली, आंबेमोहराच्या वासावर वाढलेली. ती मूद पाहून मला रडू यायचं.

इंजेक्शन द्यायला हे शिकले. सकाळी नऊला टोचलं की हे जेवायला बसत, दहा मिनिटांत उठत, आणि त्यांच्या मागून मी बसे. सहा महिने काही बिघडलं नाही. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, हे डॉक्टरांनी बजावलेलं यांनी आत येऊन सांगितलंच नव्हतं. जेवायचंच आहे की, त्यात सांगायचं काय, असं यांना वाटलं.

मग मामंजींच्या श्राद्धाची तिथी आली. यांनी नेहमीसारखं नऊला टोचलं. गुरुजी मळवलीहून गाडीनं यायचे. त्यांची गाडी चुकली, दुपारच्या गाडीनं येतो असा निरोप आला. श्राद्धाच्या दिवशी गुरुजींचं जेवण होईपर्यंत घरातलं कुणी अन्नाला शिवत नाही, आणि बायकांचं पान तर सगळ्यांच्या शेवटी. मी सोवळ्यात चुलीपुढं खीर ढवळत होते. साडेदहाच्या सुमाराला हात कापायला लागले. डोळ्यांपुढं खिरीचं पातेलं लांब गेल्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, वडे तळायला घे. मी म्हणे उलट म्हणाले, तुम्हीच तळा. त्यापुढंही बरंच बोलले म्हणे, लग्नापासूनचं साठलेलं. मला त्यातलं अक्षरही आठवत नाही. एवढं बोलून घेतलं आणि त्याचं समाधानही मिळालं नाही, याचंच मला वाईट वाटतं.

सून तिथीच्या दिवशी माजली, असं सासूबाईंनी ठरवलं. हे दारात येऊन मला दटावू लागले. तेवढ्यात खिरीसाठी जादा दूध घेऊन आमची दूधवाली मावशी मागच्या दारानं आली. तिनं सोवळं न बघता सरळ माझा हात धरला.

"ही चिडल्याली न्हाई, आजारी हाय," ती म्हणाली. "हात बगा, लय गार पडल्यात. घामानं लुगडं भिजलंय."

हे डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी आल्या आल्या साखर मागितली. सासूबाई म्हणाल्या, तिला तर साखर बंद आहे. डॉक्टरांनी स्वतः वरच्या फळीवरचा डबा काढला, पाण्यात साखर कालवली आणि चमच्याचमच्यानं मला पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी मला माणसं ओळखू आली. टोचल्यावर अर्ध्या तासात का जेवायचं, आणि आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी यांना माझ्यादेखत सांगितलं. मी फार घाबरले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. या खेपेला त्यांनी मला खुर्चीवर समोर बसवलं आणि सासूबाईंनाही बोलावलं.

"रोग तुमचा आहे, तेव्हा तुम्ही सांगा," ते मला म्हणाले. "टोचल्यावर काय करायचं?"

परक्या पुरुषाशी इतकं बोलायची मला सवय नव्हती. तरी सांगितलं. नाही जेवलं तर काय होतं, तेही सांगितलं: रक्तातली साखर फार उतरते. ते कशावरून ओळखायचं, असं विचारल्यावर मी हात कापतात, घाम सुटतो, इथपर्यंत आले आणि अडखळले.

"आणि माणूस सासूला बोलतं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले, पण आम्हां दोघींकडून सगळं तीनदा म्हणून घेतल्याशिवाय उठले नाहीत. साखरेचा डबा खालच्या फळीवर आला. यांना उशीर असला की मी आधी जेवू लागले, पण खाली मान घालून, चोरी केल्यासारखी.

वर्षानं पुन्हा तीच तिथी आली. नऊला टोचून झालं. गुरुजींचा पत्ता नव्हता. थोडी साखर खाऊन दम धरावा, असं मी मनाशी ठरवलं होतं. तोवर सासूबाईंनी मागच्या पडवीत शेगडीवर वेगळी भाकरी भाजली, पान मांडलं आणि मला हाक मारली. मी म्हटलं, अजून पिंड व्हायचेत, मामंजींचा दिवस आहे.

"ते माझे होते," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. तू जेव."

मी बसले, पण घास उतरेना. सासूबाई विधवा, एकभुक्त, दुपारी बाराच्या आत तोंडात पाणीसुद्धा न घेणाऱ्या. त्या माझ्यासमोर बसल्या, माझ्या उष्ट्या पानातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

"आता मी पण जेवले," त्या म्हणाल्या. "गुरुजींनी विचारलं तर माझं नाव सांग."