सतरा पेट्या आणि एक बोसन

तारकर्लीचे गणपत कुबल तीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते, आणि गावात हे कुणाला ठाऊक नसेल तर तो दोष गणपतरावांचा नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची बारा बोसन म्हणून. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दोर, साखळ्या, नांगर, ताडपत्र्या, सगळं त्याच्या हुकमात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गाव त्यांना बोसनच म्हणे.

कट्टा गावच्या बाजारात कुणी मुद्दाम विचारी, "बोसन, रॉटरडॅम कसा आसा ओ?"

"पाणी खोल. गोदी बरी."

"आणि हॅम्बुर्ग?"

"क्रेनवाले शिस्तीचे."

"ब्राझीलाक गेल्लास मा?"

"थंय माझा बोट दारात गावला," म्हणत गणपतराव डाव्या हाताची करंगळी दाखवत, आणि ब्राझील संपे.

त्यांच्या बायकोला, जानकीला, या उत्तरांमागचं गुपित लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. जहाज बंदराला लागलं की बाकीचे खलाशी गावात फिरायला जात आणि गणपतराव मालाच्या मागे राहत. अठरा तासांत माल उतरे, जहाज सुटे. बंदराच्या फाटकाबाहेरचं जग गणपतरावांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण जानकी चारचौघांत हे बोलत नसे. नवऱ्याने एवढ्या लांबून आणलेली बढाई, ती कशाला फोडायची.

या बोसनला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका पॉप-रॉक बँडने नोकरीवर ठेवलं, त्याची ही हकीकत.

बँडचं नाव 'चार वाजता'. पहिली तालीम चार वाजता ठरली होती म्हणून. त्या दिवशी सगळे जमले सव्वासहाला, आणि ती परंपरा बँडने निष्ठेने पाळली. गायिका रिया ही गणपतरावांच्या बहिणीची, भांडुपच्या गंगूची मुलगी. बँडचा नवा अल्बम आला होता आणि तो घेऊन मस्कत, दोहा, बर्मिंगहॅम, रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, सिंगापूर असा दौरा ठरला होता. त्याआधी आठवडाभर तालीम करायला ही मंडळी तारकर्लीत एका घरगुती लॉजवर उतरली.

"अल्बमचा नाव काय?" गणपतरावांनी विचारलं.

"ओहोटी," रिया म्हणाली.

"धंदो करूक जातास आणि नाव ओहोटी," एवढंच गणपतराव म्हणाले.

शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं. बँडचा मॅनेजर अनिश, हुशार मुलगा, पण दोराशी त्याची ओळख बुटाच्या नाडीपुरती. ताडपत्रीवर तो दोर गुंडाळत होता आणि गणपतराव कुंपणापलीकडून बघत होते. कुणी सुरमई चमच्याने कापायला घ्यावी तसं त्यांना झालं. दहा मिनिटं त्यांनी सोसलं. मग ते आत आले, अनिशच्या हातून दोर घेतला, सगळं सोडलं आणि पुन्हा बांधलं. टेम्पो मुंबईला पोचेपर्यंत आत एक झांजही वाजली नाही.

तिसऱ्या दिवशी रियाचा फोन आला. मागच्या दौऱ्यात कीबोर्ड फुटला होता, ड्रमचे दोन पाय विमानतळावरच राहिले होते. यंदा सतरा पेट्या होत्या आणि सांभाळणारं कुणी नव्हतं. मामा येईल का?

गणपतरावांनी शोभेल असा दोन दिवस नकार दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जानकी म्हणाली, "जावा. पासपोर्ट पुसान ठेवलेलो माका दिसता."

तर असे गणपतराव पुन्हा जगाच्या सफरीवर निघाले. अंगात 'ओहोटी' छापलेला काळा टी-शर्ट, त्यावर जानकीने दिलेला तपकिरी स्वेटर. पेट्या बांधायला बँडकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या, त्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि मालवणहून नेलेला सुती दोर काढला. प्रत्येक पेटीवर लाल रंगात स्वतः लिहिलं: 'दोर कापू नये'. मस्कतला काही फुटलं नाही, दोह्याला काही हरवलं नाही. बर्मिंगहॅमला तर बँड अवघा वीस मिनिटं उशिरा उभा राहिला आणि अनिशच्या डोळ्यांत पाणी आलं. मात्र गणपतरावांनी मस्कतमध्ये हॉलचं मागचं दार पाहिलं, दोह्यात मागचं दार पाहिलं, आणि बर्मिंगहॅमच्या मागच्या दाराला उतार चांगला आहे असं घरी फोनवर कळवलं. गाणी चालू असताना ते रिकाम्या पेट्यांवर बसून दोराची टोकं विणत.

हे रियाच्या लक्षात आलं. रॉटरडॅमला पोचल्यावर सकाळीच ती म्हणाली, "मामा, आज पेट्यांना हात लावायचा नाही. अजय तुला शहर दाखवेल. तीन वाजेपर्यंत या, मग सोडू सगळं."

अजय म्हणजे ड्रम वाजवणारा. त्याने पवनचक्की, म्युझियम आणि उंच मनोरा अशी यादी केली होती. दोघे ट्राममध्ये बसले. तिसऱ्या थांब्यावर गणपतरावांनी मान वर केली.

"उतर," ते म्हणाले.

"काका, पवनचक्की अजून लांब आहे."

"पाण्याचो वास येता."

आणि जगातल्या एवढ्या मोठ्या शहरात हाताशी अख्खा दिवस मिळालेला बोसन गेला कुठे, तर बंदरावर. धक्क्यावरच्या बाकावर बसून त्यांनी येणारं-जाणारं प्रत्येक जहाज अजयला समजावलं: कशात काय भरलंय, कुठलं वजनाने एका अंगाला झुकलंय, कुठल्याचा बोसन आळशी आहे. अजय सुरुवातीला घड्याळ बघत होता. मग त्याने आपणहून विचारायला सुरुवात केली. त्याचा फोन हॉलवर बॅगेत राहिला होता आणि गणपतरावांच्या फोनला परदेशात जीव नव्हता. उत्तरेकडे उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, हे एकतीस वर्षांच्या खलाशाला ठाऊक असायला हवं होतं. पण समोर जहाजं होती, आणि उजेड होता तोवर दुपारच होती.

इकडे हॉलवर पाच वाजले. सतरा पेट्या जशाच्या तशा. लॉरीतून येताना त्या पावसात भिजल्या होत्या, आणि ओला सुती दोर गाठ कशी आवळतो ते त्या दिवशी चार धिप्पाड डच कामगारांनी अनुभवलं. एकाने सुरी काढली. पेटीवरचं मराठी त्याला वाचता येत नव्हतं, पण रियाला येत होतं.

"कापायचं नाही," ती म्हणाली. "मामा पुढचे दोन शो माझ्याशी बोलणार नाही."

सात वाजले. साडेचारशे माणसं येऊन बसली. ड्रमवाला नाही, गिटार पेटीत, पेटी गाठीत. शेवटी रिया एकटी, हातात एक माइक घेऊन स्टेजवर गेली.

सव्वासातला गणपतराव आणि अजय धापा टाकत आले. मागचं दार बंद झालेलं. पुढच्या दाराशी कार्यक्रम ठेवणाऱ्या तिथल्या मराठी मंडळाच्या किशोरीताईंनी तिकीट मागितलं. स्वेटर वर करून आतला टी-शर्ट दाखवल्यावर बोसनला प्रवेश मिळाला. आत पाऊल टाकलं आणि ते थांबले.

रिया फुगडीचं गाणं म्हणत होती. गौरी-गणपतीत बायका म्हणतात ते, घोवाची म्हणजे नवऱ्याची वाट बघणारीचं, आईकडून ऐकलेलं. वाद्य नाही, ठेका नाही, नुसता गळा.

*कावळ्या रे कावळ्या, डोलकाठयेर बस,*
*घोव माझो येता काय, तां पयल्यान बघ...*

गणपतराव पहिल्यांदाच भाचीला समोरून बघत होते. मागच्या दाराने येणाऱ्याला गाणाऱ्याची फक्त पाठ दिसते. ती एवढीशी दिसत होती आणि आवाज छपरापर्यंत जात होता. पेट्या ते साफ विसरले.

गाणं संपलं तेव्हा रियाला शेवटच्या रांगेमागे तपकिरी स्वेटर दिसला. तिने माइकमधूनच शांतपणे सांगितलं, "मामा, गाठी."

मग मधल्या वाटेने, लोकांच्या टाळ्यांतून, मान खाली घालून बोसन स्टेजवर गेले. सतरा पेट्या त्यांनी सहा मिनिटांत सोडल्या. दोर एकही कापला नाही.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. अनिशने परोपरीने सांगितलं की लोकांना तेच जास्त आवडलं, आता पुढचे शोही तसेच सुरू करू. गणपतराव म्हणाले, "चूक ती चूक." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या बँडला बसवून ती गाठ सोडायला शिकवली. अजयला जमली, बाकीच्यांना जमल्यासारखी वाटली.

रियाने त्या गाण्याची चित्रफीत तारकर्लीला पाठवली. जानकीने ती तीनदा ऐकली आणि उलट फोन लावला.

"चांगला म्हटलंस गो. पण तिसरी ओळ गिळलंस."

"तिसरी ओळ आहे? आई तर दोनच म्हणते."

"गंगू माझ्याकडनाच शिकली, अर्धवट. आयक." आणि जानकीने फोनवर ओळ सांगितली, दोनदा म्हणून घेतली, एक हेल सुधारला.

हॅम्बुर्गला गणपतरावांनी पेट्या दुपारीच सोडल्या आणि वेळेवर पुढच्या दाराने जाऊन मागे भिंतीला टेकून उभे राहिले. रियाने सुरुवात केली. कावळा डोलकाठीवर बसला, दूरवर बघू लागला, आणि मग त्याला खोटं बोलायला लावणारी नवी ओळ आली:

*येत नसलो तरी माका येता म्हणान सांग.*

रॉटरडॅमच्या आधी गणपतरावांनी हे गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. एकतीस वर्षांत गौरी-गणपतीला ते घरी होते चार वेळा, आणि त्या चारही वेळा, निवृत्तीनंतरही, बायका दुसरीच गाणी म्हणत होत्या. ते तसेच उभे राहिले. बँडने पुढची अकरा गाणी वाजवली, त्यातलं एकही त्यांना नंतर आठवेना.

सिंगापूर करून ते घरी आले तेव्हा मे सरत आला होता. खळ्यात जानकी कोकमाची सोलं वाळत घालत होती. त्यांनी बॅग ओटीवर ठेवली, पाय धुतले आणि तिच्याजवळ उकिडवे बसले.

"तां गाणां तू केदना म्हणायचंस?"

"तुम्ही नसताना."

"माका कोणी सांगूक नाय."

"तुम्ही घराक इल्यार तां कित्याक म्हणतलंय?" जानकी म्हणाली, आणि सुपातली सोलं त्यांच्या पुढ्यात ओतली. "हातासरशी पसरा. दाट नको, कुसतत."

गणपतरावांनी पसरायला घेतली. एकेक सोल, मधे बोटभर जागा सोडून, सरळ रांगेत. जानकीला तसली रांग नको होती, पण तिने दुसरं सूपही त्यांच्याच पुढ्यात ओतलं.