मनगटापर्यंतची बाही

माझी थोरली बहीण गेल्या महिन्यात गेली. भेटायला येणारी माणसं तिच्या हातच्या चवीबद्दल बोलतात, तिच्या खड्या आवाजाबद्दल बोलतात. मला मात्र सारखा तिचा उजवा हात आठवतो. त्या हाताबद्दल लिहायचं तर तिच्या लग्नातल्या झंपरापासून सुरुवात करावी लागेल.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमची वस्ती बारामतीजवळ, नीरेच्या कालव्याखाली. ऊस होता, आणि थंडीत शेताच्या कडेलाच गुऱ्हाळ लागायचं. अक्का लहान असताना तिथं काहिलीतली उकळती काकवी तिच्या हातावर सांडली होती. जखम भरली, पण कोपराखालपासून मनगटापर्यंतची कातडी आकसली आणि कायमची गुळगुळीत, चकचकीत होऊन राहिली. हाताला दुसरं काही झालं नव्हतं. त्याच हातानं ती भाकरी थापायची, उसाला पाणी देताना दारं धरायची आणि शाळेत निघताना माझ्या दोन घट्ट वेण्या घालायची. घरात कुणाचं त्या डागाकडे लक्षही जात नसे.

लक्ष गेलं ते सोयरीक ठरताना. स्थळ इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचं होतं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतःहून हाताची गोष्ट सांगितली आणि अक्काला बोलावून हात दाखवायलाही लावला. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी तो नीट पाहिला.

"आमाला हाताचं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "पोरगी कामाची दिसतीय. पण मांडवात तेवढा झाकून घ्या. चार गावची माणसं येत्यात, उगं चर्चा नको."

बोलणं सरळ होतं, त्यात वावगं काही नव्हतं. तरी पाहुणे गेल्यावर अक्का बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती काम करताना उजव्या हातावर पदर ओढून घ्यायची सवय करू लागली. पदर काही राहायचा नाही. लग्नात नवरीचं तोंड खाली असतं आणि उजवा हात सगळ्यांच्या समोर. कन्यादानाचं पाणी त्या हातावर, लाह्या त्या हातानं. ती मला म्हणाली, "बाकी कुणी कायबी म्हणू दे. पण लगीन माझं, आन् मी सारा वेळ पदर सावरत बसू? मला ताठ बसायचंय."

त्याच सुमारास बारामतीत तंबूतला सिनेमा आला. आत्या, म्हणजे आबांची बहीण, सिनेमाची फार शौकीन. तिच्यामुळे आम्ही दिवेलागणीला बैलगाडीतून गेलो: आई, आत्या, अक्का आणि मी. बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलो. सिनेमाची गोष्ट मला आता नीट सांगता येणार नाही. शेवटी लग्न होतं, एवढं खरं. नवरी पायऱ्या उतरून आली आणि अक्कानं माझं मनगट धरलं. त्या नवरीच्या झंपराच्या बाह्या थेट मनगटापर्यंत होत्या. अंगाबरोबर बसलेल्या, शेवटी जरीची पट्टी आणि तिच्यावर बांगड्या. हाताची कातडी तसूभरही दिसत नव्हती, आणि ती काही झाकतेय असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

"अशाच बाह्या," अक्का परतताना गाडीत म्हणाली.

"रंग पण तसलाच घेऊ," आत्या म्हणाली. "डाळिंबी होता."

"डाळिंबी कुठला? हिरवा होता," आई म्हणाली.

निवाडा करायला आबा काही सोबत नव्हते, म्हणून दोघींनी मला विचारलं. सिनेमा काळ्यापांढऱ्यात होता, हे मी सांगितलं.

"ते असू दे," आत्या म्हणाली. "पण डाळिंबीच होता."

कापड डाळिंबीच आणलं. बारामतीच्या पेठेत आमचे नेहमीचे शिंपी होते. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. मी पाटीवर बाहीचं चित्र काढून नेलं होतं. चाचांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"ही बाही हाय का पडवळ?"

"चाचा, सिनेमातली हाय," अक्का म्हणाली.

"मग मला सिनेमा बघाया लागंल. तिकीट तुजा बाप देनार का?"

ते खरंच जाऊन पाहून आले. नंतर म्हणाले, बाई छान रडते, पण बाही त्याहून छान आहे. त्यांनी झंपर असा शिवला की अक्कानं घालून पाहिल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मनगटाला बटण नव्हतं, फट नव्हती. सिनेमात दिसली नव्हती म्हणून ठेवली नाही. मूठ बाहीतून सरकली की बाही जागच्या जागी बसायची. डाग कुठं संपतो आणि कुठं सुरू होतो, हे मलासुद्धा सांगता आलं नसतं. अक्का आरशापुढे उभी राहिली आणि हसली. सोयरीक ठरल्यापासून ती तशी हसली नव्हती.

लग्न बावड्याला, मुलाच्या दारी होतं. निघायच्या आदल्या दिवशी कासार घरी आला. आमच्याकडे चुडा जितका घट्ट तितका चांगला मानतात. त्यानं तळहात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या, आणि मनगटावर त्यांची भिंत उभी राहिली. एकदा भरलेला चुडा उतरवायचा नसतो. बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नवरीच्या हातावर ते वाढणंही नको असतं. झंपर पेटीत घडी घालून ठेवला होता. त्याची आठवण त्या वेळी कुणालाच झाली नाही.

बावड्यात आम्हाला उतरायला दिलेल्या घरी अक्का तयार व्हायला बसली. मामांनी आणलेली पिवळी साडी बाजूला ठेवली होती. तिनं आधी डाव्या बाहीत हात घातला. मूठ गेली. बांगड्या अडल्या. उजव्या बाहीतही तेच.

बाहेर वाजंत्री सुरू झाली होती.

"दोन-चार बांगड्या काढल्या तर?" आत्या हळूच म्हणाली.

"आज?" आईनं तिच्याकडे असं पाहिलं की आत्यानं चंची उघडून सुपारी शोधायला घेतली.

मी म्हटलं, शिवण उसवू, हात घालू आणि वरून टाके घालू. आई म्हणाली, "म्हंजी चुडा आत? नवरीचा चुडा दिसाया नको व्हय?" तेही खरं होतं.

अक्का एवढा वेळ बाहीकडे बघत होती. एकदम तिला हसू फुटलं.

"अगं, सिनेमातल्या नवरीनं आधी झंपर घातला आन् मग बांगड्या," ती म्हणाली. "तिचं काय, खेळ संपला की काढून ठेवायच्या. मला थोड्याच काढायच्यात?"

मग तिनं झंपर मांडीवर पसरला आणि बाही बांगड्या जाण्याइतकी रुंद होत होती तिथं, कोपराच्या जागी बोट ठेवलं. "हितनं कापा."

"हात दिसंल," आई म्हणाली.

"दिसू दे. चुडा दिसायचा म्हंजी हात दिसनारच की."

"पदर घे मग."

"न्हाय घेणार. डोईवर हाय तेवढा बास."

कात्री कुणाकडे नव्हती. शेवटी आत्याच्या अडकित्त्यानं कापड चावत चावत तोडलं. कडा वेड्यावाकड्या झाल्या, त्या मी आत दुमडून धावदोऱ्यानं शिवल्या.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई दारातच होत्या. त्यांची नजर थेट हातावर गेली.

"पदर कुठाय?"

"डोईवर हाय की," अक्का त्यांना म्हणाली. आवाज मऊ होता, पण मागे हटणारा नव्हता. "हात झाकला तर चुडाबी झाकतोय."

सासूबाईंनी चुड्याकडे पाहिलं. एक बांगडी तिरकी झाली होती, ती त्यांनी सरळ केली. मग अर्ध्या राहिलेल्या बाहीकडे पाहून म्हणाल्या, "बरंय. उन्हाळ्याचं होमापुढं बसायचं. चल, गुरुजी खोळंबल्यात."

मांडवात एका बाईनं विचारलंच, "हाताला काय झालंय गं?"

"काकवी सांडली लहानपनी," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. ती बाई "आगं बया" म्हणाली आणि अक्षता शोधू लागली. चर्चा एवढीच झाली. अक्का ताठ बसली होती. कन्यादानाचं पाणी त्या चकचकीत कातडीवरून ओघळताना मी पाहिलं. सिनेमातल्या नवरीपेक्षा ती देखणी दिसत होती, हे मी आजही कुणाशी वाद घालून सांगेन.

कापलेल्या बाह्यांपैकी एक तिनं मला दिली. "पुस्तकात खूण घाल," म्हणाली. जरीची पट्टी काळी पडली, तरी ती खूण मी अजून वापरते.

अक्का सवाष्ण गेली. बावड्याच्या त्याच घरात बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या घातल्या. कुणाला तळहात दाबावा लागला नाही. हात इतका बारीक झाला होता की बांगड्या आपोआप आत गेल्या. आता चाचांची बाही त्यांच्यावरून अलगद सरकली असती.

शेजारची एक सून पदराचं टोक तिच्या उजव्या हातावर ओढू लागली. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, मायेनंच करत होती.

"राहू दे, बाळा," मी म्हटलं. "तिला आवडत न्हाय."

तिनं पदर सोडला. मी त्या हातावरच्या बांगड्या सारख्या केल्या.