ताईची दोन अक्षरं

माझी ताई आयुष्यभर टायपिस्ट होती आणि आयुष्यभर भांडखोर. दोन्ही कामं ती सारख्याच वेगाने करायची. वकिलाच्या ऑफिसात तिच्या टेबलापाशी आले की मोठमोठे अशील आवाज खाली आणायचे, कारण ती मान वर न करता, बोटं न थांबवता एकच वाक्य असं टाकायची की समोरचा गार. मी तिची धाकटी बहीण, समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. तिची बोलणी माझ्याइतकी कुणी खाल्ली नसतील.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. ताईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की मीच बिचाऱ्यांची माफी मागितली.

आम्हाला वाटलं, आता हे घर मुकं झालं. पण बाई कसली ऐकतेय! ऑफिसात तिची एक युक्ती होती. दोन-तीन अक्षरं टाइप केली की कोर्टाच्या कागदातलं अख्खं ठरलेलं वाक्य आपोआप उमटायचं. तीच युक्ती तिने घरच्या लॅपटॉपवर आणली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप कायम उघडा, अक्षरं लांबूनही वाचता येतील एवढी. तिने 'पुपु' टाइप केलं की पडद्यावर यायचं, 'पुरे आता हे पुराण, भाजी गार होतेय.' 'चडो' म्हणजे 'अहो, चष्मा डोक्यावर आहे,' हे भावजींसाठी. 'शआ' म्हणजे 'शहाणपणा आवर, मी तुझ्याआधी जन्मले,' हे खास माझ्यासाठी. एकेक वाक्य एकेका भांडणातून निघालेलं, आणि वर्षानुवर्षं त्यांत भर पडत गेलेली. माझं बोलणं संपायच्या आत तिचं उत्तर समोर तयार. एकदा म्हटलं, मोबाइलवर लिही की, तर काचेवर एकेक बोट टेकवत बसणं तिला अपमानाचंच वाटलं. तिला दहाही बोटं लागायची.

लॅपटॉप मात्र म्हातारा झाला. सुरू व्हायलाच इतका वेळ लावायचा की तोवर ताईचा राग थंड व्हायचा, आणि थंड झालेला राग म्हणजे तिच्या मते शुद्ध नासाडी. तिचा मुलगा, आमचे चिरंजीव, नोकरी बँकेत करतो, पण जीव सगळा कॉम्प्युटरात. तो म्हणाला, "आई, हे विंडोज काढून लिनक्स टाकतो. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट नाही. टायपिंगचं ते ऑफिस सॉफ्टवेअरही त्याचं स्वतःचं आहे, सगळ्यांना खुलं. पळेल बघ."

ताईने परवानगी दिली. चिरंजीवांनी कामही नेटकं केलं, उगाच नावं ठेवणार नाही. फोटो, पत्रं, लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारीसुद्धा आधी बाजूला काढून ठेवल्या, पुन्हा तपासल्या, मग डिस्क पुसली आणि नवं सगळं चढवलं.

आणि पळाला हो लॅपटॉप! भावजी कौतुकाने म्हणाले, "अगं, हा तर तुझ्याहून वेगवान." ताईने हात चोळले, खुर्ची पुढे ओढली आणि 'पुपु' टाइप केलं.

पडद्यावर 'पुपु'च राहिलं.

तिने पुन्हा टाइप केलं. भावजींकडे बघून 'चडो' केलं. माझ्याकडे बघून 'शआ'. सगळी अक्षरं तशीच, ओळीने उभी.

"ही सोय यातही आहे गं," असं म्हणत चिरंजीवांनी कुठलीशी चौकट उघडली. चौकट रिकामी. भावजी लगेच भडकले. "म्हणूनच म्हणत होतो, फुकटचं ते फुकटचं! जुनंच ऑफिस टाक." चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते विंडोजवर चालतं, लिनक्सवर असं सरळ चालत नाही." "मग वाकडं चालव!" झालं, बापलेकांची जुंपली. नवं चांगलं की जुनं, खुलं चांगलं की विकतचं. ताई मधे काहीतरी टाइप करत होती. एकेक अक्षर, पूर्ण वाक्य. ते होईपर्यंत दोघं बाल्कनीत पोचले होते.

पुढे रोज बँकेतून आल्यावर चिरंजीव तेच घेऊन बसायचे. लिनक्सच्या आत विंडोजचा भास निर्माण करणारा कसलासा प्रोग्रॅम असतो म्हणे, त्याच्या आत जुनं ऑफिस बसवायचं. कधी ते उघडायचंच नाही, कधी उघडून गपकन मिटायचं, कधी आपली मराठी अक्षरं अशी फुटायची की काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. जेवायला हाक मारली तरी पोरगं उठेना. भावजींनी तेवढ्यात दोनदा "आलं का?" विचारून त्याच्या नाकी नऊ आणले. आणि शेवटी आलं! अगदी जुन्यासारखं पान, जुन्याच जागी जुनीच बटणं. "आई, ये. बस."

ताई बसली. 'पुपु.'

काही नाही.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, ती वाक्यं आईच्या फायलींत नव्हतीच गं. विंडोजच्या आत, त्या ऑफिसच्या कुठल्यातरी कोपऱ्यात होती. पुसण्याआधी दोन मिनिटांत काढता आली असती. मला सुचलंच नाही." दुरुस्तीवाल्याकडे डिस्क नेली. त्याने मान हलवली. जुन्यावर नवं लिहून झालं होतं.

मला चिरंजीवांना दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. पण तोच जिन्यात बसून रडायला लागला. "मी आईचं तोंड बंद केलं ना गं?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मी ताईला म्हटलं, आठव, एकेक पुन्हा भरू. ती वही घेऊन बसली, कोरी ठेवून उठली. तिला ती वाक्यं आठवायचीच नाहीत. ती बोटांत होती. कुणी काही बोललं की बोटं आपोआप चालायची, आणि मग कळायचं, हेही गेलं. असं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. हळूहळू तिने बोटं उचलणंच कमी केलं.

शेवटी चिरंजीवांनी आपल्या मनाने नव्या ऑफिसात वाक्यं भरून दिली. 'मला पाणी हवं.' 'जरा दुखतंय.' 'मी बरी आहे, धन्यवाद.' फार मायेने केलं होतं हो त्याने. पण ही वाक्यं कुठल्याही आजारी बाईची होती.

परवा वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. ते वर्षभर मुलीकडे राहून आत्ताच परतलेत. रोज संध्याकाळी पेपर घेऊन खाली यायचं आणि ताईशी कडाकडा भांडून, हरून, खुशीत वर जायचं, हा त्यांचा जुना नेम. यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. खुर्चीत बसता बसता त्यांनी बार उडवला. "काय हो, बायकांनी सोसायटीच्या मीटिंगांना यावंच कशाला, म्हणतो मी!" आणि डोळे मिचकावत पडद्याकडे बघत बसले.

ताईचे डोळे चमकले. कितीतरी दिवसांनी. ती टाइप करू लागली. एक शब्द, दुसरा, एक चुकला, पुसला. मास्तर वाट बघत राहिले. मग पेपर उलगडला. मग मोबाइल काढला. मग भावजींना विचारलं, पाणी वेळेवर येतं का हल्ली. ताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. लिहिलेलं सगळं पुसलं. दोन अक्षरं दाबली.

'मी बरी आहे, धन्यवाद.'

मास्तरांनी वाचलं. उठले, तिच्या जवळ वाकले आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने म्हणाले, "छान, छान! काळजी घ्या हं!" ताईने मान डोलावली.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. चपला घालताना ते म्हणाले, "फार शांत झाल्या हो तुमच्या ताई. बरं वाटलं बघून."

मी म्हटलं, "हो."